चाळून केलेली वाटणी

लय जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची. पुढे गाढवांनी बोलणं सोडलं, कारण माणसांनी ते काम स्वतःकडे घेतलं.

तर पोरांनो, आणि पोरांच्या मागे बसून आपण ऐकतच नाही असं तोंड करणाऱ्या थोरांनो, एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात एक म्हातारा ओतारी राहायचा. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा माणूस. समया, देव, घंटा, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, सगळं तो ओतायचा. हात असा, की त्याच्या देवीच्या भुवईचा केस न केस मोजता यायचा. मोजायला कुणी गेलं नाही, पण यायचा.

त्याच्या अंगणात छपराखाली वाळूचा एक ढीग होता. काळाकुट्ट. नवख्या माणसाला वाटावं, भट्टीतली घाण टाकलीय. पण सगळी करामत त्या ढिगात होती. लाकडाचा नमुना वाळूत घट्ट दाबायचा, मग अलगद काढायचा. मागे जो खळगा राहतो तो साचा. त्यात धातूचा तापलेला रस ओतायचा. निवलं की साचा फोडायचा, वस्तू हातात आणि वाळू परत ढिगात. म्हाताऱ्याच्या बापापासून हा ढीग असाच चालत आलेला.

म्हातारा एक दिवस गेला. मागे दोन पोरं राहिली, थोरला आणि धाकटा. दोघं हातानं सोनं, तोंडानं भट्टी. थोरला म्हणायचा, माझ्यासारखं बारीक काम कुणाला जमत नाही. धाकटा म्हणायचा, माझ्यासारखं दणकट काम कुणाला जमत नाही. दोघं खरंच बोलायचे, आणि दोघंही समोरच्याचं ऐकायचे नाहीत. मग व्हायचं तेच झालं. वाटणी निघाली.

पंच बसले. घर वाटलं, भाता वाटला, चिमटे वाटले. राहिला ढीग.

पंचातला एक जण म्हणाला, "मधोमध दोरी धरा. अर्धा इकडे, अर्धा तिकडे."

"दोरी कशाला?" थोरला म्हणाला. "चाळून घेऊ. बारीक मला, जाड त्याला."

थोरल्याच्या मनात होतं, बारीक ती खरी वाळू, जाड ते चाळणीवरचं उष्टं. धाकट्यानं चाळणीवरचा ढीग बघितला. तो मोठा होता. त्याच्या मनात आलं, दादा फसला.

"चालतंय की," धाकटा म्हणाला.

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. दोघं भाऊ एकाच वेळी एकाच गोष्टीला हो म्हणाले, असं गावात कधी घडलं नव्हतं. कुणाचं मन बदलायच्या आत ते चपला घालून निघून गेले.

गाढव तेवढं चाळता येईना. मग ठरलं, सकाळी ते थोरल्याची वाळू वाहील, दुपारनंतर धाकट्याची. गाढवाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते बोललं असतं, कारण काळच तसा होता.

आता इथे एक गंमत बघा. दोघं पक्के कारागीर. रस किती तापला ते त्याच्या रंगावरून सांगायचे. पण वाळू निवडावी लागते, हे दोघांनाही कधी कळलंच नव्हतं. ढीग जन्मापासून अंगणात होता. जशी आई असते तशी वाळू असते. आई कुठून आणली, असं कोण विचारतं?

थोरल्यानं बारीक वाळूत पहिली समई ओतली. लोण्यासारखी गुळगुळीत. पण तेल घातलं की सकाळपर्यंत निम्मं जमिनीवर. एक म्हातारी समई घेऊन परत आली.

"ओतारीदादा, तुझी समई घाम गाळते."

"उन्हाळा आहे, आजी," थोरला म्हणाला, आणि भोकात लाख भरून दिली.

तिकडे धाकट्यानं जाड वाळूत घंटा ओतल्या. आतून भरीव, पण बाहेरून फणस. साच्याच्या कडा ढासळायच्या, कण सुटून रसात पडायचे.

"हे काटे कसले?" गिऱ्हाईक विचारायचं.

"नक्षी आहे. नवीन निघालीय."

दोघांनी काय काय नाही केलं. थोरल्याला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून त्यानं वाळू जास्त भिजवली. रस आत गेला, पाण्याची वाफ झाली, साचा फुटला आणि मिशीची एक बाजू जळाली. दुसरी बाजू मग त्याला स्वतःच काढावी लागली. धाकट्यानं वाळू चिकटावी म्हणून गुळाचं पाणी घातलं. चिकटली खरी. पण दुपारपर्यंत साच्यावर मुंग्यांचं लग्न लागलं होतं. थोरला म्हणायचा, कोळसा वाईट. धाकटा म्हणायचा, धातूत भेसळ. दोघांच्या घरांमध्ये एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता होता, पण तो ओलांडून विचारावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अशातच खिंडीतली घंटा फुटली.

गावाच्या डोक्यावर डोंगर होता, डोंगरात खिंड होती. वरून येणारी वाट खिंडीजवळ दुभंगायची. एक फाटा गावात उतरायचा, दुसरा सरळ कड्यावर जाऊन संपायचा. थंडीत तिथे असं धुकं पडायचं की स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटावा. म्हणून खिंडीत मोठी घंटा टांगलेली. धुकं पडलं की गाव पाळीपाळीनं ती वाजवायचं, आणि वरचे धनगर आवाजाचा माग धरून मेंढरं खाली आणायचे. ती घंटा तडकली. आता वाजवली की खोकल्यासारखा आवाज यायचा, तोही म्हाताऱ्या माणसाच्या.

एक धनगरीण दोघा भावांच्या दारासमोर येऊन उभी राहिली. तिचा नवरा मेंढरं घेऊन वर पठारावर होता. गवत संपलं की तो उतरणार, आणि गवत संपत आलं होतं.

"मला समई नको, नक्षी नको," ती म्हणाली. "मला आवाज पाहिजे. माझा माणूस डोळ्यांनी उतरत नाही, कानांनी उतरतो."

गावानं ताटं, वाट्या, तांबे, पराती, सगळं आणून टाकलं. लोक केळीच्या पानावर जेवायला लागले. जुन्या घंटेचे तुकडे वर घातले.

पहिली पाळी थोरल्याची. घंटा निघाली ती काय सांगू. नवरीसारखी. गाव बघतच राहिलं. थोरल्यानं लाकडाचा दांडा मारला. आवाज आला, थप. दुसऱ्यांदा मारला तर घंटेचा टवका उडाला. आत बघितलं तर सगळी जाळी. घावन असावं तशी.

मग धाकट्याची पाळी. रस ओतताना साच्याची भिंत आत कोसळली. निघालं ते घंटा म्हणावं की धोंडा, यावर गावात दोन मतं पडली.

दर वितळणीला थोडा धातू जळतो, थोडा सांडतो. आता उरला होता तो एकाच घंटेपुरता. आणि खिंडीच्या तोंडाशी धुक्याचा पहिला पुंजका येऊन बसला होता.

धनगरीण रस्त्याच्या मधोमध बसली. ना इकडे, ना तिकडे. दोघं भाऊ आपापल्या उंबऱ्यावर बसलेले. तेवढ्यात गाढव आलं, थोरल्याच्या अंगणातल्या सांडलेल्या वाळूत लोळलं, उठलं, शिंकलं. मग रस्ता ओलांडून धाकट्याच्या वाळूत लोळलं, उठलं, कण्हलं.

"तुझं बरं आहे," धनगरीण त्याला म्हणाली. "इथे माझा संसार कड्यावर टांगलाय, आणि तुला अंग खाजवायचं सुचतंय."

"कसलं बरं, बाई?" गाढव म्हणालं. "पूर्वी एकच ढीग होता तेव्हा लोळायला मजा होती. आता या थोरल्याच्या वाळूत लोळलो की नाक बुजतं. पिठासारखी बसते, आत वारा म्हणून जात नाही. त्या धाकट्याच्या वाळूत श्वास घेता येतो, पण ती अंगाला धरत नाही, नुसती सोलते. वाटणी यांची झाली आणि पाठ माझी गेली."

गाढवाला ओतकामातलं काही कळत नव्हतं. त्याला खाजेतलं कळत होतं. ते बोललं आणि उकिरड्याकडे निघून गेलं.

थोरला मात्र बसल्या जागी सरळ झाला. त्यानं आपली ओलसर वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले, गोळा घट्ट. मग तो गोळा त्यानं तोंडाला लावला आणि फुंकर मारली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण पलीकडे फुंकर गेली नाही. रस साच्यात शिरला की आतली हवा आणि वाफ बाहेर पळायला बघते. तिला वाट नसेल तर ती जाणार कुठे? रसातच अडकणार. म्हणून जाळी. म्हणून समईला घाम.

थोरल्यानं रिकामी टोपली उचलली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

हे सांगायला सोपं आहे. पण विचार करा. दिवसाढवळ्या, सगळं गाव बघत असताना, ज्यानं पंचांसमोर छाती काढून "जाड त्याला" म्हटलं होतं, तोच जाड मागायला निघाला होता. तेही अर्धी मिशी उगवलेल्या तोंडानं. कडा उतरणारे लोक मी लय ऐकलेत, पण तो बैलगाडीएवढा रस्ता ओलांडायला जास्त छाती लागते. थोरल्यानं तो ओलांडला. मधे थांबलाही नाही.

धाकटा दारातच होता. "काय दादा, वाट चुकलास?"

"नाही. जाड वाळू पाहिजे."

"बारीक संपली?"

"बारीक ढीगभर आहे. तिला श्वास घेता येत नाही."

धाकट्याच्या जिभेवर एक झणझणीत टोमणा तयार होता. तो ऐकायला गाव पुढे वाकलं होतं. पण त्याची नजर रस्त्यात बसलेल्या बाईकडे गेली, आणि त्यानं तो टोमणा गिळला. हेही काही कमी नाही हां. तयार टोमणा गिळणं म्हणजे गरम बटाटा गिळणं.

"माझीला धरता येत नाही," तो म्हणाला. "मी पण येणारच होतो."

"कधी?"

"तू आल्यावर."

थोरला टोपली खाली ठेवून म्हणाला, "पूर्वीसारखं दोन्ही कालवू."

"किती कशात? तुला ठाऊक आहे? मला नाही. आणि धातू एकदाचाच आहे, अंदाज चालणार नाही." धाकट्यानं जमिनीवर बोटानं घंटा काढली. "हे बघ. घंटेच्या अंगाला तुझी बारीक, बोटभर थर. तिच्या पाठीमागे सगळी माझी जाड. तुझी रूप धरेल, माझी वाफ सोडेल. माझी सुटी असली तरी बाहेरून लाकडाची चौकट आवळून धरेल तिला."

"आणि आतला गाभा?"

घंटा पोकळ राहावी म्हणून आत वाळूचाच गाभा ठेवावा लागतो. त्याच्या चहूबाजूंनी रस, म्हणजे सगळ्यात जास्त जीव त्याचाच घुसमटणार.

"त्याच्या पोटात जाड, वरून बारीक. आणि मधून तार घालून भोकं."

थोरल्यानं त्या रेघोट्यांवरून बोट फिरवलं. "हे तुला कधी सुचलं?"

"आत्ता. तुझी टोपली बघून."

मग ते दोघं कामाला लागले, आणि काय लागले. बारीक वाळूचा थर थोरला असा हळुवार बसवत होता, जसं कुणी लेकराला दुलई घालावी. त्याच्यावर धाकटा जाड वाळू ठोकत होता, बेतानं, थरावर थर. भांडत तर होतेच. "हळू ठोक रे, म्हसोबा." "तू जरा सर, सुईत दोरा ओवतोयस का?" पण हात एकाच माणसाचे असल्यासारखे चालत होते. एकानं हात पुढे करावा आणि दुसऱ्यानं न विचारता त्यात हवी ती वस्तू ठेवावी. गावातली भांडकुदळ माणसं पण गप्प उभी होती. असं काम बघताना बोलायचं सुचत नाही.

सकाळी रस ओतला. ओतल्याबरोबर साच्यावरच्या बारीक भोकांतून निळ्या ज्योती उठल्या, जिभेच्या टोकाएवढ्या, आणि भुरभुर जळायला लागल्या.

धनगरीण दचकली. "पेटलं का काय?"

"नाही ताई," धाकटा म्हणाला. "साचा श्वास सोडतोय."

एवढा आनंद थोरल्याच्या तोंडावर वाटणी जिंकली तेव्हाही नव्हता.

आता थांबायचं होतं. आणि थांबणं हेच सगळ्यात अवघड, कारण दुपारी धुकं उतरलं. एकदम. डोंगर गेला, झाडं गेली, शेजारचं घर गेलं. आणि वरून, लांबून, मेंढरांचा आवाज आला. धनगरणीचा नवरा निघाला होता.

गाव धावलं. ताटं बडवू म्हणाले, तर गावात एक ताट उरलं नव्हतं. हाका मारल्या, पण कडा प्रत्येक हाक परत द्यायचा, आणि धुक्यात खरी कुठली, परतीची कुठली, कळेना.

"फोडा तो साचा," धनगरीण म्हणाली.

"ताई, गरम फोडला तर थंड वाऱ्यानं घंटा तडकेल," थोरला म्हणाला. "मग आजही नाही आणि कधीच नाही."

तिच्या डोळ्यांत काय होतं ते बघायची कुणाची टाप नव्हती. पण ती ओरडली नाही. साच्याजवळ बसली आणि वाळूवर तळवा टेकला. चटका बसला, तिनं हात काढला. परत टेकला. परत काढला. वर मेंढरांचा आवाज जवळ येत होता आणि खाली ती बाई चटके खात वाळूला विचारत होती, निवलीस का? शेवटी तिचा हात वाळूवर राहिला.

"आता माझ्या हातासारखी झालीय," ती म्हणाली. "फोडा."

दोघा भावांनी एकदमच घाव घातला. वाळू ढासळली, आणि आतून घंटा निघाली. गुळगुळीत, भरीव, अजून कोमट. कुणी निरखत बसलं नाही. गाढवाच्या पाठीवर घातली. गाढवानं तोंड उघडलं होतं, पण धनगरणीकडे बघून मिटलं, आणि ते जन्मात पळालं नव्हतं तसं चढावर पळालं.

घंटा टांगली. पहिला टोला धनगरणीनंच मारला.

तो आवाज कसा होता, ते कळायला त्या दिवशी त्या धुक्यात असायला पाहिजे होतं. लांब, गोल, आणि संपता संपत नाही असा. तो कड्याला लागला आणि कड्यालाही तो मोडता आला नाही. ती वाजवत राहिली. दंड भरून आले तरी वाजवत राहिली.

मग धुक्यातून आधी एक एडका निघाला, त्याच्यामागे मेंढरं, आणि सगळ्यात शेवटी खांद्यावर कोकरू घेतलेला तिचा नवरा. तो म्हणाला, एडक्याचा पुढचा पाय कड्याच्या फाट्यावर पडला होता, आवाज आला आणि तो वळला.

धनगरणीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एवढा उशीर?" ती म्हणाली, आणि मग खाली बसून रडली.

दोघं भाऊ अंगणात परतले तेव्हा फुटलेल्या साच्याची वाळू तिथे पडली होती. बारीक कुठली, जाड कुठली, काही कळत नव्हतं. एकच ढीग. धाकट्यानं त्यातली मूठभर घेऊन दाबली. ठसे उमटले. फुंकर मारली. पलीकडे गेली. त्यानं गोळा मोडला, तर मधोमध स्वच्छ मोडला, भुगा न होता. त्यानं तो थोरल्याच्या हातात दिला.

त्यानंतर दोघांनी उरलेली वाळूही त्यातच आणून ओतली. घरं वेगळी राहिली, चुली वेगळ्या राहिल्या, भांडणं तर राहिलीच. पण ढीग रस्त्याच्या मधोमध एका छपराखाली ठेवला, आणि गाड्या वळसा घालून जायला लागल्या. त्या गावच्या ओताऱ्यांत तेव्हापासून रीत पडली, की भाऊ वेगळे झाले तर सगळं वाटायचं, वाळू वाटायची नाही. आणि गावाच्या समयांना पुन्हा कधी घाम फुटला नाही.

बोध एवढाच, की आपल्यात जे कमी आहे ते ज्याच्याकडे आहे, त्याच्या दारात रिकामी टोपली घेऊन जायला जो लाजत नाही, त्याचंच काम भरीव होतं.